न वाजणारा डॉलर

बाबांनी डॉलर ओट्यावर टाकला आणि मान कलती करून कान दिला.

"वाजत नाही गं," ते म्हणाले. पुन्हा टाकला. ठप्प. कोटाचं बटण पडावं तसा आवाज. "खोटा आहे."

बाबा सांगलीच्या सराफ कट्ट्यावर एका पेढीत ३६ वर्षं दिवाणजी होते. मोडीला आलेले राणीछाप रुपये दगडी उंबऱ्यावर टाकून ऐकायचे, हे त्यांचं रोजचं काम. आई म्हणायची, यांना बायकोची हाक ऐकू येत नाही, पण तीन दुकानं पलीकडे खोटा रुपया पडला तर मान वळते. आता सहा महिन्यांच्या मुक्कामाला ते माझ्याकडे, फिलाडेल्फियाजवळच्या उपनगरात आले होते आणि इथे येणारे सगळेच आईवडील कंटाळतात तसे दुसऱ्या आठवड्यात कंटाळले होते. उपाय म्हणून मी त्यांना दर शनिवारी गराज सेलना न्यायला लागले. अशाच एका ठिकाणी एका आजींकडे वीस डॉलरला बिस्किटांचा पत्र्याचा डबा मिळाला. नवऱ्याला नाण्यांचा नाद होता, तो गेला, मला त्यातलं काही कळत नाही, आहे तसं न्या, असं त्यांनी सरळ सांगितलं. डब्यात अकरा नाणी. सगळ्यात वर हा करडा, चांगला चार सेंटीमीटर रुंद, १७७६ साल मिरवणारा, अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाच्या काळातला म्हणून ओळखला जाणारा कॉन्टिनेन्टल डॉलर.

घरी येईपर्यंत मी सिग्नलला थांबले की फोनवर किमती बघत होते. खरा निघाला तर रक्कम पाच आकडी. बाबांना बोलले नाही. ते मात्र घरी आल्यावर चपलासुद्धा न काढता ओट्यापाशी गेले आणि पहिल्या दणक्यात माझा सगळा हिशेब मोडून मोकळे झाले.

रात्री झोप येईना म्हणून वाचत बसले. तेव्हा कळलं की या डॉलरचे जे अस्सल नमुने आज शिल्लक आहेत, त्यातले बहुतेक प्यूटरचे आहेत. प्यूटर म्हणजे मुख्यतः कथील. चांदीचे, पितळेचे अगदी मोजके. कथील कुठून खणखणणार?

सकाळी चहा घेताना बाबांना सांगितलं.

"म्हणजे खरा असता तरी वाजला नसता?"

"नाही."

ते बराच वेळ बशीतल्या चहाकडे बघत राहिले. "मग मी काल ऐकलं काय?"

पुढचे तीन महिने आमच्या घरात जे काही चाललं, ते या प्रश्नावर चाललं.

बाबांचा मूळ मुद्दा साधा होता. पेढीवर खरं नाणं म्हणजे नेटकं नाणं. वजन भरलेलं, अक्षर सुबक, कड एकसारखी, आवाज बंद्या रुपयाचा. खोटं म्हणजे यातलं काहीतरी बिघडलेलं. सुरुवातीच्या अमेरिकन नाण्यांनी हे सगळं उलटंपालटं केलं. इथे खरी नाणीच इतकी ओबडधोबड की बघताक्षणी संशय यावा, आणि नकला मात्र शहाण्या मुलासारख्या भांग पाडून बसलेल्या.

या कॉन्टिनेन्टल डॉलरचंच बघा. एका बाजूला छायाघटिका, वर सूर्य, 'फ्यूजिओ' हा लॅटिन शब्द, म्हणजे 'मी पळतो आहे', आणि खाली 'माइंड युअर बिझनेस'. काळ पळतोय, तू आपल्या कामाशी काम ठेव. ("हे पेढीवर लावायला हवं होतं," बाबा म्हणाले. गिऱ्हाइकांसाठी की मालकांसाठी ते सांगितलं नाही.) दुसऱ्या बाजूला तेरा वसाहतींच्या तेरा कड्या एकमेकींत अडकवलेल्या, मध्ये 'वुई आर वन'. ही चित्रं फेब्रुवारी १७७६ च्या कागदी नोटांवर आली होती आणि त्यांचं जनकत्व बेंजामिन फ्रँकलिनकडे जातं. नाण्याच्या एका प्रकारावर 'करन्सी' या शब्दातला एक 'आर' गाळलेला आहे. कुणीही म्हणेल, पकडला चोर! पण तो प्रकार अस्सल आहे. ठसा कोरणाराच चुकला. आमच्या डॉलरवर दोन्ही 'आर' जागच्या जागी होते.

त्याहून गमतीचं साल. मासाचुसेट्सच्या वसाहतीनं १६५२ मध्ये बोस्टनला टांकसाळ काढली. जॉन हल आणि रॉबर्ट सँडरसन हे दोघे सोनार ती चालवत. त्यांच्या पाइन वृक्षाच्या शिलिंगवर १६५२ लिहिलेलं असतं. टांकसाळ चालली १६८२ पर्यंत, आणि साल शेवटपर्यंत १६५२ च. फक्त ओक वृक्षाच्या दोन पेनीच्या नाण्यावर १६६२ आहे. परंपरेनं कारण असं देतात की १६५२ मध्ये इंग्लंडला राजा नव्हता. पुढे राजा परत आला, आणि नाणी पाडायचा हक्क तर राजाचा. तेव्हा, महाराज, ही जुनीच नाणी आहेत हो! म्हणजे अस्सल नाणं आपल्या वयाबद्दल धडधडीत खोटं बोलतं आणि तरीही अस्सल राहतं. हे ऐकून बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. त्यांच्या लेखी सरकारशी असं वागणारा सोनार हा आपलाच माणूस.

फिलाडेल्फियाची सरकारी टांकसाळ निघाली २ एप्रिल १७९२ च्या कायद्यानं. तिथे ठसे हातानं कोरत. चांदीची चकती वजनाला भारी भरली तर छाप मारायच्या आधी कानशीनं घासून उतरवत, आणि ते ओरखडे छापेनंतरही चेहऱ्यावर दिसत राहत. १७९५ च्या डॉलरवर कानशीच्या रेघा दिसल्या तर नवखा माणूस म्हणणार, कुणीतरी चांदी खरवडलीय. खरवडलीच आहे, पण टांकसाळीनं, जन्माच्या आधी.

डब्यात १७९५ सालचा एक डॉलर होताच. मोकळ्या केसांची लिबर्टी, पंधरा तारे, चकचकीत. मी पंधरा डॉलरचा छोटा डिजिटल काटा मागवला. अस्सल डॉलर २६.९६ ग्रॅमचा. बाबांनी मनात हिशेब केला, सव्वादोन तोळ्यांहून जरा जास्त. (तोळा म्हणजे ११.६६ ग्रॅम, कंपनीच्या रुपयाचं वजन. बाबांचं डोकं अजून तोळ्यातच चालतं.) काट्यानं दाखवले १९.८. चांदी झिजते, पण सात ग्रॅम झिजली असती तर बाईचं नाक शिल्लक राहिलं नसतं. लोहचुंबक नेलं, तर डॉलर टुणकन उडी मारून चिकटला. इथे ऐकायचीसुद्धा गरज नव्हती.

पण या डॉलरनं मला एक गोष्ट शिकवली, ती म्हणजे आधी कड बघायची. नक्कल करणारा दोन्ही चेहऱ्यांवर जीव ओततो, कारण फोटोत तेच दिसतात. कडेकडे त्याचं लक्ष नसतं. अस्सल १७९५ च्या डॉलरच्या कडेवर अक्षरं असतात, 'हंड्रेड सेंट्स वन डॉलर ऑर युनिट', मधूनमधून नक्षी. छाप मारायच्या आधी चकती दोन पट्ट्यांमध्ये धरून फिरवत आणि ही अक्षरं उमटवत. आमच्या डॉलरची कड होती दातेरी, आजच्या पाव डॉलरसारखी. बाजारातल्या स्वस्त नकलांची ही ठरलेली खूण. बनवणाऱ्याला वाटतं, नाणं म्हणजे दातेरी कड असणारच.

ओतीव नकलेच्या कडेवर साच्याची दोन पाळी जिथे जुळतात तिथे एक रेघ येते, ती कानशीनं घासून टाकलेली असते. पृष्ठभागावर बुडबुड्यांचे बारीक खळगे, आणि अक्षरांचे काठ ओल्या साबणासारखे. एकोणिसाव्या शतकात विजेवर केलेल्या नकलाही कडेलाच पकडल्या जातात. खऱ्या नाण्याचा मेणात ठसा घ्यायचा, मोरचुदाच्या पाण्यात त्यावर तांब्याचा पापुद्रा चढवायचा, असे दोन पापुद्रे पाठीला पाठ लावून आत शिसं भरायचं. चेहरे इतके हुबेहूब की संग्रहालयांनीच प्रदर्शनासाठी त्या करवून घेतल्या. पण कडेला शिवण, आणि टाकलं तर ठप्प. इथे बाबांचा कान कामाला आला असता. दुर्दैवानं अशी एकही नक्कल आमच्या डब्यात नव्हती.

डब्यात एक काळपट, झिजलेलं, वाकडी छाप बसलेलं तांब्याचं नाणं होतं. मी ते पहिल्याच दिवशी 'कचरा' म्हणून बाजूला ठेवलं. छाप एका बाजूला सरकलेली, कड सपाट, काही नाही तिच्यावर. बाबांनी ते उचललं, अंगठ्यानं चोळलं आणि म्हणाले, "हे हातातून हातात गेलेलं आहे." बघितलं तर १८०३ चा 'मोठा सेंट', आजच्या सेंटहून मोठा असा जुना सेंट. १७९५ च्या अखेरीला सेंटचं वजन उतरवून १०.८९ ग्रॅम केलं, तेव्हापासून कडही साधी झाली. म्हणजे इथे कड सपाट असायलाच हवी! काट्यावर भरले १०.४२. मग बाबांनी पाण्यातलं वजन काढायला सांगितलं, सोनार काढतात तसं. पेला काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणायचा, नाणं दोऱ्यानं पाण्यात लोंबकळत धरायचं, तळाला टेकू द्यायचं नाही. आकडा आला १.१८. भागलं तर ८.८३. तांब्याची घनता ८.९ च्या आसपास. बाबांनी विजयी मुद्रेनं माझ्याकडे बघितलं नाही, पेल्याकडे बघितलं. तेवढा सभ्यपणा त्यांच्यात आहे.

हे मोठे सेंट ओळखण्याचं शास्त्र म्हणजे वेडाची परिसीमा. ठसे हातानं केलेले, त्यामुळे प्रत्येक ठसा निराळा. आकडा जरा वर, पानांमधली फळं कमीजास्त, मागच्या १/१०० या अपूर्णांकातली आडवी रेघ इकडेतिकडे. विल्यम शेल्डन यांनी १७९३ ते १८१४ च्या सेंटचे असे प्रकार लावून त्यांना क्रमांक दिले. नाण्याची प्रत १ ते ७० मध्ये मोजायची पद्धतही त्यांचीच. आणि याच शेल्डन यांनी अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीच्या संग्रहातले उत्तम सेंट उचलून त्यांच्या जागी स्वतःकडचे डावे नमुने ठेवल्याचं पुढे उघडकीला आलं. नाणी दोन्हीकडची खरी. फक्त बसलेली दुसऱ्याच्या पाटावर. जुन्या फोटोंमधल्या खुणा जुळवून ते सिद्ध झालं. "कुलकर्ण्यानंच सातबारा बदलला म्हणायचा," बाबा म्हणाले.

खुणा जुळवण्याची ही युक्ती आता सगळ्यात धारदार हत्यार ठरली आहे. गेल्या दहा-पंधरा वर्षांत अशा नकला आल्या आहेत की काटा, चुंबक, पाणी, सगळं त्या पास होतात. खऱ्या नाण्यावरूनच ठसा तयार करतात, योग्य वजनाच्या तांब्याच्या चकतीवर छाप मारतात, वर काळपटपणा आणतात. नावाजलेल्या परीक्षकांच्या हातूनही त्या निसटल्या आहेत. मग पकडायच्या कशा? मूळ नाण्याला दोनशे वर्षांत कुठेतरी मार बसलेला असतो, गालावर खोक, एखाद्या अक्षराजवळ ओरखडा. ठसा घेताना तो मारही ठशात जातो. आणि मग जगात दोन-तीन-पाच नाणी निघतात, सगळ्यांच्या गालावर त्याच जागी तीच खोक. एकेकटं बघितलं तर प्रत्येक खरं वाटतं. दोन शेजारी ठेवली की दोन्ही कोसळतात.

"जुळ्यांनासुद्धा गुडघ्याला एकाच जागी खरचटत नाही," बाबा म्हणाले. मला हे वाक्य कुठल्याही मार्गदर्शक पुस्तकातल्या प्रकरणापेक्षा जास्त उपयोगी वाटतं.

नकला करणाऱ्यांमध्येही जाती आहेत, हे मला हळूहळू कळलं. १८५० नंतर अमेरिकेत नाणी जमवण्याची लाट आली आणि न्यूयॉर्कच्या टॉमस वायट यानं मासाचुसेट्सची जुनी चांदी बनवून चेल्सी इथं सापडल्याची बतावणी केली. उत्साह इतका की त्या टांकसाळीनं कधी पाडलंच नव्हतं असं पाइन वृक्षाचं एक पेनीचं नाणंही त्यानं करून टाकलं. हा सरळ भामटा. त्याच सुमारास न्यू हेवनहून १७८७ च्या फ्यूजिओ सेंटचे (त्यावरही तीच छायाघटिका आणि कड्या) 'मूळ ठशांवरून पुन्हा पाडलेले' नमुने निघाले. ठसे मूळ नव्हतेच, कड्याही बारीक दिसतात, पण आज ते स्वतंत्र मालिका म्हणून विकले जातात. आणि स्प्रिंगफील्डचा जॉन ॲडम्स बोलेन हा तिसराच. १८६० च्या दशकात यानं दुर्मिळ नाण्यांच्या नकलांचे ठसे स्वतः कोरले, कारण मूळ नाणी कुणाला परवडत नव्हती. कारागीर पट्टीचा. त्याच्या नकला आज लोक त्याच्या नावानं जमवतात. पुढे त्याच्या नकलांच्याही नकला झाल्या. त्यानं केलेल्यांत कनेक्टिकटच्या सॅम्युएल हिग्लीचं १७३७ चं तांब्याचं नाणंही होतं. त्या नाण्यावर मूळ किंमत तीन पेन्स लिहिलेली होती. पुढे मजकूर बदलला, 'मी चांगलं तांबं आहे' आणि 'वाटेल ती किंमत करा'. बोलेनच्या नकलेवर हे वाचताना मला फार बरं वाटतं. ती अगदी खरं बोलते आहे.

सगळ्यात वरचढ नक्कल मात्र सरकारनं केली. १८०४ चा डॉलर हा अमेरिकन नाण्यांचा राजा म्हणवतो. २०२१ मध्ये त्यातला एक ७६.८ लाख डॉलरला गेला. गंमत अशी की १८०४ मध्ये हा डॉलर पाडलाच नव्हता. त्या वर्षी डॉलर निघाले, पण जुन्या सालांच्या ठशांनी. १८३४ मध्ये पूर्वेकडच्या राजांना भेट म्हणून नाण्यांचे संच द्यायचे ठरले, नोंदवहीत '१८०४' दिसलं, आणि टांकसाळीनं ते साल घालून नवे डॉलर पाडले. पुढे १८५८ च्या सुमारास टांकसाळीतल्याच लोकांनी संग्राहकांसाठी गुपचूप आणखी काढले. त्यातला एक तर १८५७ च्या स्विस नाण्यावर छाप मारून केलाय. तो वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे.

राजदूत एडमंड रॉबर्ट्स हे संच घेऊन 'पीकॉक' या युद्धनौकेवरून निघाला. सप्टेंबर १८३५ मध्ये ओमानच्या मसिरा बेटाजवळ जहाज खडकावर रुतलं. हलकं करायला तोफा समुद्रात टाकाव्या लागल्या. मस्कतच्या सुलतानाचा संच पोचता केला आणि डागडुजीसाठी जहाज आणलं कुठे? मुंबईच्या गोदीत. सयामच्या राजाचा संच अजून द्यायचा होता. तो राजाला मिळाला १८३६ मध्ये.

मी हे वाचून दाखवलं तेव्हा बाबा खुर्चीत सरसावून बसले. "१८३५? अगं, त्याच वर्षी कंपनीनं सगळ्या हिंदुस्थानाचा एक रुपया केला. गोदीच्या शेजारी टांकसाळ." आणि मग स्वतःशीच म्हणाले, "मुंबईला पाच मिनिटं कुणी तो डबा उघडला असता, तर आपल्या सराफानं ऐकला असता." बिचारा काय ऐकणार होता? चांदी अस्सल, वजन पुरं, आवाज खणखणीत. साल तेवढं खोटं, आणि साल वाजत नाही.

आता त्याच मुंबईत, चोर बाजारात, १८०४ चे डॉलर ढिगानं मिळतात. त्यांच्या शेजारी बसतो आपला 'ईस्ट इंडिया कंपनी, १८१८, अर्धा आणा', वर रामदरबार. असं नाणं कंपनीनं कधी काढलं नाही. बाबांकडे पेढीवर वर्षाला दोन-तीन जण ते घेऊन यायचे, तांदूळ ओढतं, म्हणजे चमत्कारी आणि अमोल आहे, या समजुतीनं. एकानं जमीन विकून घेतलं होतं. बाबा त्याबद्दल एवढंच बोलले आणि उठून गॅलरीत गेले.

त्याच संध्याकाळी त्यांनी कॉन्टिनेन्टल डॉलर पुन्हा मागितला. तोवर आमचा निकाल लागला होता: अस्सलाच्या कडेवर जोडपानांची वेल असते, आमच्याची कड कोरी, एका जागी घासलेली. शिवाय गेल्या काही वर्षांत अभ्यासकांनी असा मुद्दा मांडलाय की मूळ 'डॉलर' हेही बहुधा युरोपात, स्वातंत्र्ययुद्धानंतर, हौशी लोकांना विकायला केलेलं पदक असावं. म्हणजे स्मरणवस्तूची स्मरणवस्तू. मला ते पुरेसं होतं. बाबांना नव्हतं. त्यांनी मागच्या बाजूवर नख फिरवलं, कड्यांच्या आणि मधल्या किरणांच्या मध्ये, आणि थांबले.

"इथे खोल आहे."

भिंगातून बघितलं. तांदळाच्या चार दाण्यांएवढी जागा सपाट, चकाकती, बाकीच्या खरखरीत अंगाशी न जुळणारी. १९७३ च्या कायद्यानुसार इथे नाण्याच्या नकलेवर 'कॉपी' हा शब्द ठसठशीत उमटवावा लागतो. शब्द तिथे होता. कुणीतरी तो घासून काढला होता.

मला त्या आजींचा चेहरा आठवला आणि त्यांचा नवरा. त्यानं घासला? की घासलेला विकत घेतला, आणि आयुष्यभर डब्यात सगळ्यात वर ठेवला? बाबांना या चौकशीत रस नव्हता. "घासणाऱ्याला ठाऊक होतं," म्हणाले. त्यांना चिंता वेगळीच होती: आपण मेल्यावर हा डबा पुन्हा कुणीतरी वीस डॉलरला घेणार.

त्यांनी नातीच्या कंपासपेटीतलं कर्कटक मागितलं. प्यूटर मऊ असतं, टोक सहज रुतलं. जीभ दातांत धरून, पेढीच्या वहीतल्या त्याच उभट अक्षरात, त्यांनी त्या सपाट जागेत 'नक्कल' लिहिलं. 'ल'ला जागा पुरली नाही. तो डेलावेअरच्या कडीवर चढलाय.